शिक्क्यासाठी सोडलेली जागा

सकाळचे आठ वाजायला आले होते. टकटकमावशी ओट्याशी उभ्या राहून शेंगांचे दोर काढत होत्या आणि त्यांचे यजमान खिडकीला टांगलेल्या आरशात बघून मिशीला कलप लावत होते. यजमान निवृत्त कंडक्टर. उभी हयात बसच्या दांडीला धरून गेल्यामुळे घरातही एका हातानं काहीतरी धरल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नसे. आत्ताही डाव्या हातात खिडकीचा गज होता आणि उजव्या हातात कलपाचा ब्रश.

मिशीची एक बाजू काळी झाली, दुसरी अजून पांढरीच होती, एवढ्यात कुणीतरी दारावर तळहातानं थापा मारायला लागलं. बेल होती, ती वाजवायचं भान त्या माणसाला नव्हतं.

"अहो, बघा ना जरा."

"अगं, असा अर्धा म्हातारा होऊन दार कसं उघडू? तूच जा."

मावशींनी पदराला हात पुसले आणि दार उघडलं. दारात चावीवाला उभा होता. गल्लीच्या तोंडाशी त्याची टपरी. बिचाऱ्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली, हातात मोबाइल, आणि तो असा पुढं धरलेला, जणू तापानं फणफणलेलं पोर डॉक्टरला दाखवायला आणलंय.

"मावशी, हे काय आलंय बघा. आपला कागद त्यांनी परत पाठवलाय."

मावशींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कोर्टाकडून संदेश होता. 'आपला दस्त तपासणीअंती परत करण्यात आला आहे. कारण: पान क्रमांक एक अर्धे कोरे.' खाली एकवीस तारीख. म्हणजे कालची.

मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. अपिलाची मुदत सोळाला संपली होती.

मावशींची थोडी ओळख आधी करून द्यायला हवी. कोर्टाच्या बाजूच्या व्हरांड्यात त्या एकतीस वर्षं टाइपरायटर घेऊन बसल्या. त्यांच्या बोटांच्या आवाजावरून नाव पडलं, आणि खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर आणि नवऱ्याच्या रागात उरलंय. लग्न मोडायला आलेले, जमीन तोडायला आलेले, भावाभावांनी आईची भांडी वाटून मागायला आलेले, सगळ्यांची गाऱ्हाणी त्यांनी टाइप केली. रडणाऱ्या बाईला आधी पाणी आणि मग कार्बन कागद, हा त्यांचा क्रम. पुढं कोर्टानं फर्मान काढलं की आता सगळे कागद इंटरनेटवरून दाखल करायचे. व्हरांड्यातले सहा टायपिस्ट घरी बसले. मावशी नाही बसल्या. छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी संगणक शिकला, स्कॅनर घेतला, आणि घराच्या पुढच्या खोलीत पुन्हा टकटक सुरू केली. वकील मजकूर सांगायचे, मावशी तो नीट लावून, स्कॅन करून, पोर्टलवर चढवायच्या.

चावीवाल्याचं अपील त्यांनीच चढवलं होतं. चौदा तारखेला, मुदतीच्या दोन दिवस आधी.

भानगड अशी होती. चावीवाल्याच्या घरातून रस्त्यावर यायला एकच बोळ. जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढा. पलीकडच्या घराच्या मालकानं तो आपलाच आहे म्हणून मधोमध विटांची भिंत घातली. खालच्या कोर्टात निकाल मालकाच्या बाजूनं गेला. चावीवाला स्वतः परसातल्या कुंपणावरून उडी मारून यायचा, पण घरात त्याची आई. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा रक्त धुवून घ्यायला तिला हॉस्पिटलात न्यावं लागे. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मागच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरातून, गॅसच्या शेगडीला वळसा घालून, बाहेर काढायचे. शेजारीण चांगली, पण किती दिवस चांगली राहणार? परवा तिनं आतून कडी लावून घेतली होती. म्हातारी वीस मिनिटं उन्हात खुर्चीत बसून राहिली आणि वर मुलालाच म्हणाली, "ती भांडी घासत असेल रे, घाई करू नकोस."

"मी गावाची कुलपं उघडतो मावशी," चावीवाला एकदा म्हणाला होता, "आणि माझ्याच आईला घराबाहेर काढता येत नाही. लोक हसतात."

आता तो दारातच खाली बसला.

"मालकानं काल सळया आणून टाकल्यात. भिंतीवरून स्लॅब घेणार म्हणतो. अपील दाखल असलं तर थांबवता येईल, असं वकीलसाहेब म्हणाले होते. आता?"

"तू आधी उठ. चहा घे. मी साडी बदलते."

"पण मावशी, पान अर्धं कोरं कसं राहिलं?"

मावशी आत वळल्या. पान कसं कोरं राहिलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच सोडलं होतं.

कागदाच्या काळात पहिल्या पानाचा वरचा निम्मा भाग कोरा ठेवायची रीत होती. तिथं कोर्टाचा तारखेचा शिक्का, नोंदणीचा क्रमांक, कारकुनाची सही, सगळं बसायचं. व्हरांड्यात नव्यानं आलेल्या टायपिस्टला मावशी सगळ्यात आधी हेच शिकवायच्या. आणि ज्या कुणी ती जागा सोडली नाही त्याचा कागद काउंटरवरचा माणूस अंगावर फेकायचा. "शिक्का कुठं मारू? तुमच्या कपाळावर?" असं म्हणून. व्हरांड्यात त्याला 'शिक्केसाहेब' म्हणत. संगणकावर शिक्का आपोआप पडतो, त्याला जागा लागत नाही, हे मावशींना माहीत होतं. पण बोटांना नव्हतं. मजकूर सुरू करताना बोटं आपोआप चौदा ओळी खाली उतरायची. आजवर त्यावर कुणी हरकत घेतली नव्हती.

"येऊ का मी बरोबर?" यजमानांनी विचारलं. मिशी अजून दोनरंगीच होती.

"नको. तुम्हाला बघून साहेब केस ऐकायचं सोडून हसत बसतील."

कोर्टाचा तपासणी विभाग तळमजल्यावर होता. पूर्वी तिथं जाळीची खिडकी होती. आता काच बसवली होती, आणि काचेला बोलण्यासाठी पाडलेलं भोक एवढं खाली की माणसाला वाकल्याशिवाय बोलताच येत नसे. मावशींना वाटलं, हे भोक कुणीतरी मुद्दाम मोजून पाडलंय.

काचेपलीकडे शिक्केसाहेब. काळ बदलला होता, माणूस तोच. हुद्दा आता तपासनीस. त्यांच्या डोक्यामागं भिंतीवर चौकटीत घातलेलं प्रशस्तिपत्र होतं: 'सलग अकरा महिने शून्य प्रलंबित.' समोर नवाकोरा पडदा, बोटानं सरकवायचा. पण साहेबांची सवय जुनी. पूर्वी कागद उलटायला ते जिभेला बोट लावायचे. आता पडद्यावरचं पान सरकवायलाही ते आधी बोट तोंडात घालत, चांगलं ओलं करत, आणि मग काचेवरून फिरवत. पडद्यावर ओल्या रेघा वाळून त्यांचा चिकट पांढुरका थर जमला होता. लोकांची नावं, पत्ते, गाऱ्हाणी, सगळं त्या थराखाली. मावशींनी नजर वळवली.

"या बाई. बऱ्याच दिवसांनी," साहेब म्हणाले. "काय म्हणतंय घरचं ऑफिस?"

मावशी वाकल्या आणि भोकातून बोलल्या. "साहेब, चौदा तारखेचं अपील तुम्ही परत केलंत. बोळाचं."

"हो ना. पहिलं पान अर्धं कोरं. कोऱ्या पानात मागाहून कुणी काही घुसडलं तर? जबाबदार कोण? मी."

"ती जागा कशासाठी सोडतात ते तुम्हाला माहीत नाही का?"

साहेब हसले. हसताना त्यांचे डोळे हलले नाहीत. "मला माहीत आहे हो. यंत्रणेला माहीत नाही. काळ बदलला बाई. आपण बदलायला नको?"

हे ऐकून मावशींच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. त्या जागेसाठी या माणसानं किती जणांना रडवलं होतं! एका गर्भारशीला त्यानं भर उन्हाळ्यात तीनदा पुन्हा टाइप करायला पाठवलं होतं. आणि आज तीच जागा सोडली हा गुन्हा, तोही त्याच तोंडानं सांगतोय.

"बरं, चूक माझी," मावशी म्हणाल्या. "पण चूक असेल तर त्रुटी म्हणून कळवायची, सात दिवस द्यायचे. परत कसा करता येईल? नियम नऊ."

नियम त्यांना पाठ होता, कारण कोर्टाच्या दारावर लावलेली मराठी प्रत त्यांनीच टाइप करून दिली होती. त्यांनी तो भोकातून शब्दशः म्हणून दाखवला. केवळ मांडणीतल्या दोषासाठी दस्त नाकारता येणार नाही. दोष कळवून दुरुस्तीला सात दिवस द्यावेत. आणि दस्त यंत्रणेत ज्या क्षणी पोचला, तोच दाखल झाल्याचा क्षण.

"पाठांतर छान आहे," साहेब म्हणाले. "पण माझ्यापुढं दोन बटणं आहेत. हे बघा." ओलं बोट पडद्यावर टेकलं. "एक 'त्रुटी'. ते दाबलं की कारण सविस्तर लिहा, आठवड्यानं पुन्हा उघडून बघा, तोवर तो माझ्या नावावर प्रलंबित. दुसरं 'परत'. ते दाबलं की विषय संपला. यादीतून गेला."

"आणि तारीख?"

"तीही गेली. पुन्हा दाखल कराल तेव्हा नवी पडेल. ते यंत्रणा करते. मी नाही."

मावशींची नजर त्यांच्या डोक्यामागच्या चौकटीकडे गेली. अकरा महिने शून्य. त्या शून्यात किती जणांच्या तारखा गेल्या असतील, कुणी मोजल्या? हा कागद सात दिवस या माणसाकडे पडून होता. आता कागदाला पडायला जागाही लागत नाही. धूळ नाही, वाळवी नाही, कुणाला दिसतही नाही. सात दिवस नुसता पडून, मग यादी साफ करायच्या दिवशी एका ओल्या बोटानं गेला.

चावीवाला मागं उभा होता. तो पुढं आला, खूप वाकला, आणि हात जोडले. "साहेब, माझ्या आईला दवाखान्यात न्यायला वाट नाही हो. काहीतरी करा."

साहेब खुर्चीत मागं रेलले. त्यांचा चेहरा असा निवांत झाला, जणू कुणी पाय चेपायला घेतलेत. मावशींनी ते पाहिलं आणि त्यांना खरी शिसारी आली. हा माणूस पैसे खात नव्हता. अख्ख्या कोर्टात तसं त्याचं नाव होतं, स्वच्छ म्हणून. त्याला हेच लागायचं. कुणीतरी वाकलेलं, हात जोडलेलं.

"असं करा," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "उशिराबद्दल माफीचा अर्ज द्या. त्यात लिहा की दस्त सदोष होता, चूक आमची, मुदतीत योग्य दस्त दाखल झाला नाही. मी वर चांगली शिफारस करतो. माणसानं माणसाच्या उपयोगी पडावं."

त्यांनी भोकाखालच्या फटीतून एक छापील कागद सरकवला. अर्ज तयारच होता. नाव आणि सही करायची जागा तेवढी रिकामी. म्हणजे असे अर्ज इथं रोज लागत असणार.

एकतीस वर्षांच्या सवयीनं मावशींचा हात पेनाकडे गेला. साहेबांनी सांगितलं की करायचं, वाद घालायचा नाही, काम करून घ्यायचं आणि निघायचं. यालाच त्या हुशारी समजत आल्या होत्या. व्हरांड्यात सगळ्यांना हीच हुशारी शिकवली होती. त्यांनी कागद हातात घेतला. कोपऱ्यावर बोटाचा ओलसर डाग होता.

त्यांनी कागद काचेच्या कट्ट्यावर ठेवला आणि बोटं साडीला पुसली. दोनदा पुसली.

"नाही. हे आम्ही लिहून देणार नाही."

"मावशी!" चावीवाला कळवळला. "द्या ना लिहून. काय फरक पडतो? मी सही करतो."

"अरे, यावर सही केलीस की उशीर तू केलास असं तुझ्याच हातानं लिहून दिल्यासारखं होईल. मालकाचा वकील हाच कागद कोर्टात फडकावेल. आणि माफी मिळेल की नाही हे ठरायला दोन महिने. तोवर भिंतीवर स्लॅब, आणि स्लॅबवर खोली. चल वर."

"वर कुणाकडे?" साहेबांनी विचारलं. आवाजातला मऊपणा गेला होता.

"प्रबंधकबाईंकडे."

"भेटीची वेळ पोर्टलवरून घ्यावी लागते."

"जिना पोर्टलवर नाही ना?" मावशी म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

चावीवाला मागोमाग निघाला. पहिल्या मजल्यावर त्या क्षणभर थांबल्या.

"मावशी, तो डूख धरेल. पुढचे सगळे कागद त्याच्याकडेच जाणार आपले."

"धरू दे. इतकी वर्षं डूख धरू नये म्हणून किती गोड बोलले असेन मी त्या माणसाशी. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका फुकट टाइप केली. आठवलं की आंघोळ करावीशी वाटते."

प्रबंधकबाईंच्या दाराबाहेर ते दीड तास बसले. बाकावर शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचाही कागद 'परत' आला होता. सही निळ्या शाईऐवजी काळ्या शाईत होती म्हणून. ते तिसऱ्यांदा आले होते आणि आता काळी चांगली की निळी हेच विसरले होते. त्यांनी दोन्ही पेनं खिशाला लावून आणली होती. त्यांना हसू आलं, मावशींनाही आलं.

प्रबंधकबाई, म्हणजे कोर्टाच्या रजिस्ट्रार, पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं, आवाज सभ्य. टेबलावर अर्धवट खाल्लेला डबा. त्यांनी मावशींना बसायला खुर्ची दिली. एवढ्या साध्या गोष्टीनं मावशींचे डोळे भरून आले, आणि त्याचाच त्यांना राग आला. खुर्ची मिळाली म्हणून रडू यावं, इतकी सवय आपल्याला कुणी लावली?

त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःची चौदा ओळींची चूकही लपवली नाही.

प्रबंधकबाईंनी पडद्यावर क्रमांक घातला. बराच वेळ बघितलं.

"दस्त पोचल्याची नोंद आहे," त्या म्हणाल्या. "चौदा तारीख, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. पुसलेली नाही, फक्त यादीतून मागं गेलीय."

"दिसतेय ना तुम्हाला?"

"दिसतेय."

"आणि नियम नऊ?"

"बरोबर आहे तुमचं. तपासनिसाला दोष दाखवायचा अधिकार आहे, दस्त नाकारायचा नाही. बटण चुकीचं दाबलं गेलंय."

"चुकीचं नाही मॅडम. सोयीचं."

प्रबंधकबाईंनी वर पाहिलं. मग डब्याचं झाकण उगाच नीट बसवलं. "तारीख पूर्ववत करायचा अधिकार माझा आहे. पण त्यासाठी तुमचा अर्ज यावा लागतो."

"देते. आत्ता लिहून देते."

"कागदावर चालत नाही. पोर्टलवरून."

"मग पोर्टलवरून देते. तो थेट तुमच्याकडे येईल ना?"

प्रबंधकबाईंनी नकारार्थी मान हलवली. "आधी तपासणी विभागात जातो."

"म्हणजे त्यांच्याकडेच?"

"हो."

"आणि त्यांनी तोही परत केला तर?"

चावीवाला पडद्याकडे बघत होता. तिथली अक्षरं स्पष्ट होती, पडदा स्वच्छ होता. त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, दार समोर आहे, किल्ली तुमच्या हातात आहे, आणि तुम्हाला ते उघडायची परवानगी त्यानं द्यायची, ज्यानं ते लावलं?"

"अशीच रचना आहे," प्रबंधकबाई म्हणाल्या, आणि त्यांनाच ते ऐकवलं नाही. त्यांनी कपाळ चोळलं. "बघा, मला नियमाबाहेर जाता येत नाही. तुम्हाला तक्रार करायची असेल तर मी घेते. चौकशी लावता येईल. त्याला समज देता येईल, तिथून हलवताही येईल. वेळ लागेल. यंत्रणेत बदल सुचवायचा असेल तर त्याची समिती आहे."

चौकशी. समज. समिती. मावशींना हे सगळे शब्द ओळखीचे होते. प्रत्येक शब्द त्यांनी हजारदा टाइप केला होता. खालच्या काचेतलं भोक त्यांना आठवलं आणि पुन्हा शिसारी आली. पण त्याहून जास्त शिसारी आली ती या खोलीत, जिथं सगळं स्वच्छ होतं, सगळ्यांना सगळं दिसत होतं, आणि तरी कुणाचा हात हलत नव्हता.

"माझ्या स्वतःच्या अधिकारात," प्रबंधकबाई सावकाश म्हणाल्या, "चूक माझ्या नजरेला आली तर मी दुरुस्त करू शकते. कलम आहे. आजवर कुणी वापरलेलं नाही. वापरलं तर मला वर कारण द्यावं लागेल."

त्या पडद्याकडे वळल्या. हात माउसवर होता, पण बोट उचललेलं.

"बाई, मला एकदा नीट सांगा. तुम्हाला नेमकं काय हवंय? त्याच्यावर कारवाई हवी आहे का?"

चावीवाल्यानं मावशींकडे पाहिलं. मावशी खुर्चीच्या कडेवर आल्या. आवाज वर चढू दिला नाही.

"नाही मॅडम. कारवाई नको, माफी नको, निकालही आमच्या बाजूनं द्या असं म्हणत नाही. कागद चौदा तारखेला चार वाजून बारा मिनिटांनी तुमच्याकडे आला होता. त्याची तारीख त्याला परत द्या."